दैनंदिन ताण, दिनचर्या आणि पादांशिक क्रम

आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांची तक्रार आज एका शब्दात मांडली जाते, तो शब्द म्हणजे ‘ताण’. शिर:शूल, अम्लपित्त, मन्याशूल, अनिद्रा, मलावष्टंभ, रक्तदाबवृद्धी अशी लक्षणे सांगून झाली की रुग्ण शेवटी स्वतःच निदान सांगून मोकळा होतो: “बाकी काही नाही हो, ताण आहे.” आपणही मान डोलावतो, औषधयोजना करतो आणि दिनचर्या सुधारण्याचा सल्ला देतो. हा सल्ला शास्त्रशुद्ध असतो. तथापि तो किती रुग्णांकडून प्रत्यक्षात पाळला जातो आणि पाळला न गेल्यास त्यात दोष कोणाचा, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा ऊहापोह करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम माझ्याच हातून झालेली एक चूक वैद्यबंधुभगिनींपुढे मांडतो.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ४६ वर्षे वयाच्या एक भगिनी माझ्याकडे चिकित्सेसाठी आल्या. वास्तव्य बदलापूरला आणि नोकरी मुंबईच्या फोर्ट भागातील एका कार्यालयात, हिशेब विभागात. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. लोकलचा हा प्रवास सकाळ-संध्याकाळ, बहुधा उभ्यानेच. पहाटे पावणेपाचला उठणे, दोन डबे आणि घरचा स्वयंपाक आटोपून सातच्या सुमारास गाडी पकडणे, रात्री आठला घरी परतणे, पावणेदहाला दूरदर्शनसमोर जेवण आणि त्यानंतर ‘जरा स्वतःसाठी वेळ’ म्हणून सव्वाबारापर्यंत भ्रमणध्वनी पाहणे, असा त्यांचा दिनक्रम होता. आठवड्यातून चार-पाच दिवस डोके दुखे. पहाटे तीनला जाग येई व पुन्हा झोप लागत नसे. घरातील माणसांवर विनाकारण चिडचिड होई आणि मागाहून त्याचाच पश्चात्ताप होई. रक्तदाब १४४/९२ होता.

मी त्यांना औषधे दिली आणि सोबत एका कागदावर चौदा सूचना लिहून दिल्या. ब्राह्ममुहूर्ती उत्थान, उष:पान, नस्य, गंडूष, सर्वांग अभ्यंग, बारा सूर्यनमस्कार, प्राणायाम, चहा पूर्णतः वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी रात्रीचे भोजन, दहा वाजता निद्रा इत्यादी. यातील एकही सूचना अशास्त्रीय नव्हती. तो कागद लिहिताना मला मनोमन समाधानच वाटले होते, हेही कबूल केले पाहिजे.

पंधरा दिवसांनी बोलावले असता त्या आल्या नाहीत. पाच आठवड्यांनी आल्या, तेव्हा तो कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलेला होता. तो टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, “डॉक्टर, रागावू नका, पण मला या कागदाचाच ताण आला. रोज रात्री वाटायचं, आजही काही जमलं नाही.”

त्यांचे म्हणणे मी शांतपणे ऐकून घेतले, तेव्हा माझ्या सल्ल्यातील विसंगती ध्यानात आली. ज्या सूर्यास्तापूर्वी मी त्यांना भोजन करावयास सांगितले होते, त्या सूर्यास्ताच्या वेळी त्या ठाण्याच्या आसपास गर्दीच्या डब्यात उभ्या असत. ब्राह्ममुहूर्ती तर त्या वर्षानुवर्षे उठतच होत्या. मात्र साडेचार तासांच्या निद्रेनंतर. वाग्भटाचार्यांनी ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश ‘स्वस्थ’ व्यक्तीस केला आहे, हा शब्द आपण सर्वांनी पाठ केलेला असूनही मी त्याकडे दुर्लक्ष केले होते. चहा एकदम बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी तीव्र शिर:शूल झाला. त्यांनी वेदनाशामक गोळी घेतली, वर दोन कप चहा घेतला आणि आपल्याला पथ्य मानवत नाही असा निष्कर्ष काढला. पाच आठवड्यांनंतरही रक्तदाब तेवढाच होता. त्यात भर एवढीच पडली होती की स्वतःवरचा त्यांचा विश्वास आणखी कमी झाला होता.

ताणाचे स्वरूप

ताण ही आधुनिक संकल्पना आहे असे सामान्यतः मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी वॉल्टर कॅनन यांनी संकटसमयी प्राण्याचे शरीर लढण्यासाठी अथवा पळण्यासाठी कसे सज्ज होते, याचे वर्णन केले. १९३६ साली हान्स सेल्ये यांनी भिन्न भिन्न प्रकारच्या आघातांना शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देते, हे प्रयोगाने दाखविले आणि पुढे ‘स्ट्रेस’ ही संज्ञा वैद्यकात रूढ केली. हृद्गती वाढणे, रक्तदाब वाढणे, स्नायू ताठरणे, पचनक्रिया मंदावणे, कॉर्टिसॉल हा अंत:स्राव वाढणे हे सर्व या प्रतिसादाचे भाग होत. प्रसंग संपताच शरीर पूर्वस्थितीवर यावे, अशी ही योजना आहे. दैनंदिन ताणाचे वैशिष्ट्य असे की येथे प्रसंग संपतच नाही. गाडी चुकण्याची धास्ती, वरिष्ठांचा निरोप, मुलाची परीक्षा, कर्जाचा हप्ता यांपैकी एकही गोष्ट प्राणघातक नसते. परंतु शरीराची सज्जता मात्र दिवसभर उतरत नाही.

आयुर्वेदात ‘ताण’ या एका शब्दास तंतोतंत पर्याय शोधण्याचा अट्टहास करू नये, असे मला वाटते. मात्र त्याचे घटक आणि परिणाम संहितांत स्पष्टपणे आले आहेत. चरकसंहितेच्या विमानस्थानातील स्रोतोविमान अध्यायात रसवह स्रोतसांच्या दुष्टीच्या कारणांत गुरू, शीत व अतिस्निग्ध आहाराच्या बरोबरीनेच अतिचिंतनाचा उल्लेख आहे. त्याच स्थानातील त्रिविधकुक्षीय अध्यायात असे सांगितले आहे की, योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नदेखील चिंता, शोक, भय, क्रोध, दु:खशय्या आणि प्रजागर यांमुळे नीट पचत नाही. सूत्रस्थानातील यज्ज:पुरुषीय अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे. म्हणजेच चिंता केवळ मनात राहत नाही; ती अग्नी बिघडवते, रसधातू दूषित करते आणि असलेला व्याधी बळावते. आपल्या रुग्णास ‘सगळे तपास नॉर्मल आहेत’ असे सांगून परत पाठविले जाते, तेव्हा हा धागा हरवलेला असतो.

धारणीय आणि अधारणीय

दैनंदिन ताणाच्या रुग्णाचा इतिहास घेताना चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय, म्हणजे नवेगान्धारणीय अध्याय, समोर ठेवावा, असे मी सुचवीन. या अध्यायात मूत्र, पुरीष, क्षुधा, पिपासा, बाष्प, निद्रा, श्रमश्वास इत्यादी तेरा वेग अडवू नयेत असे सांगितले आहे. आणि लगेच पुढे लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या, अतिराग यांसारखे मनाचे, तसेच कठोर, असत्य व अवेळी बोलणे यांसारखे वाणीचे वेग अडवावेत असे सांगितले आहे.

उपरोक्त रुग्णेच्या दिनक्रमास हा निकष लावून पाहिला. प्रवासात व कार्यालयात सोय नसल्यामुळे त्या सकाळपासून दुपारपर्यंत मूत्रवेग अडवीत आणि त्यासाठी पाणीही कमी पीत. सायंकाळी सहाला लागणारी भूक चहाने मारली जाई. रात्री दहाला येणारी झोप दूरदर्शन आणि भ्रमणध्वनीने परतवली जाई. कार्यालयात अपमान झाला तरी अश्रू गिळले जात. अशा रीतीने दिवसभर जे अडवू नये ते अडविले जाई आणि घरी पोहोचल्यावर जो अडवावा तो क्रोधाचा वेग मुलांवर सुटे. शास्त्रकारांनी मूत्रवेगाच्या धारणाने शिर:शूल होतो असे सांगितले आहे. निद्रावेगाच्या धारणाने जृंभा, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व डोळ्यांचे जडत्व येते असेही सांगितले आहे. आता या रुग्णेच्या डोकेदुखीचे कारण ‘ताण’ एवढेच लिहून थांबणे पुरेसे होते काय?

येथे एका गोष्टीचे भान ठेवणे अत्यावश्यक आहे. यातील प्रत्येक अपचार हा रुग्णाचा प्रज्ञापराध असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. स्थानकावरील अपुरी स्वच्छतागृहे, प्रवासाचे अंतर, घरकामाची असमान वाटणी ही कारणे एकट्या व्यक्तीच्या बुद्धिभ्रंशातून उद्भवत नाहीत. जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात भिन्न प्रकृती, भिन्न आहार आणि भिन्न बल असलेल्या माणसांनाही समान व्याधी का होतात, याचे उत्तर देताना आचार्यांनी वायू, जल, देश व काल या सर्वांना समान असणाऱ्या भावांकडे लक्ष वेधले आहे. महानगरातील दैनंदिन ताणास काही अंशी ही दृष्टी लावणे उचित ठरेल. रुग्णाच्या हातात काय आहे आणि काय नाही, याची विभागणी वैद्याने प्रथम करावी. जे त्याच्या हातात नाही, त्याची सूचना लिहून देणे म्हणजे त्याच्या ताणात भर घालणे होय.

पादांशिक क्रम

मला उत्तर सापडले ते याच सातव्या अध्यायात. वेगधारणाच्या विवेचनानंतर आचार्य सवयींकडे वळतात. अंगवळणी पडलेले अहितकर आचरण बुद्धिमान मनुष्याने क्रमाक्रमाने सोडावे आणि हितकर आचरण क्रमाक्रमानेच स्वीकारावे, असा त्यांचा स्पष्ट आदेश आहे. हा क्रम ‘पादांशिक’ असावा, म्हणजे एका वेळी एक चतुर्थांश सोडावा, एक चतुर्थांश धरावा, आणि टप्प्यांमधील अंतर एक, दोन, तीन दिवस असे वाढवीत न्यावे. या दिवसगणनेच्या तपशिलाविषयी टीकाकारांत मतभेद आहेत, परंतु तत्त्वाविषयी नाहीत. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात वाग्भटाचार्यांनी पादाचाही पाद, म्हणजे सोळावा अंश, हा पर्याय दिला आहे. इतकेच नव्हे, तर सवयीचे अपथ्य एकदम सोडल्यास अथवा पथ्यदेखील एकदम स्वीकारल्यास विकार उत्पन्न होतात, असा इशाराही दिला आहे. उलट क्रमाने घटविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने वाढविलेले गुण स्थिर होतात, हे त्याचे फलित चरकाचार्यांनी सांगितले आहे.

चहा एकदम बंद केल्यावर रुग्णेस झालेला शिर:शूल हा या इशाऱ्याचा प्रत्यक्ष दाखला होता. नित्य घेतले जाणारे कॅफीन अकस्मात थांबविल्यास साधारणतः १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ व चिडचिड सुरू होते आणि ती काही दिवस टिकू शकते, हे आधुनिक वैद्यकास चांगले ज्ञात आहे. मी त्या डोकेदुखीस पित्तप्रकोप समजलो असतो. वस्तुतः ती माझ्याच सूचनेची निष्पत्ती होती.

सवयीविषयीच्या अर्वाचीन संशोधनातही या क्रमास पूरक असे काही आढळते. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ व्यक्तींना खाणे, पिणे अथवा हालचाल यांसंबंधी एकच नवी कृती रोज ठरावीक प्रसंगी करण्यास सांगितले होते. ती कृती आपोआप घडू लागण्यास लागणारा कालावधी सरासरीने ६६ दिवसांच्या आसपास होता. पण व्यक्तिपरत्वे तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसून आले. रुग्णास ही शेवटची गोष्ट आवर्जून सांगावी. एक दिवस मोडला म्हणजे व्रत भंगले, ही समजूत अनेकांना मधूनच माघारी फिरविते.

सत्त्वावजयाशी संबंध

तिस्रैषणीय अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे चिकित्सेचे तीन प्रकार वर्णिले असून, अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे म्हणजे सत्त्वावजय, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. हा निग्रह धृतीच्या आधारे होतो. आपण बहुधा असे गृहीत धरतो की रुग्णाजवळ धृती आहे आणि तिच्या बळावर तो दिनचर्या पाळील. परंतु दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या, अल्पनिद्र रुग्णात नेमकी धृतीच क्षीण झालेली असते. अशा रुग्णावर चौदा सूचनांचा भार टाकणे हे मंदाग्नीच्या रुग्णास गुरू भोजन देण्यासारखे आहे. तो हरतो, आणि प्रत्येक पराभवाने धृती अधिक खचते.

याउलट वीस मिनिटे आधी झोपणे, एक कप चहा कमी करणे, एवढी लहान गोष्ट तो निश्चितपणे करू शकतो. ती सात दिवस पार पडली की ‘मला जमते’ असा प्रत्यय येतो. म्हणून पादांशिक क्रम हा केवळ पथ्यपालनाचा सोयीस्कर मार्ग नसून तो स्वतःच सत्त्वावजयाचा एक प्रकार आहे, असे माझे नम्र मत आहे. दैनंदिन ताणाच्या चिकित्सेत आरोग्यदायी सवयीचा पहिला लाभ हा, की रुग्णाच्या दिवसातील एक तरी गोष्ट पुन्हा त्याच्या स्वाधीन होते.

प्रत्यक्ष योजना

त्या भगिनींसाठी दुसऱ्या वेळी केलेली योजना येथे तपशिलाने देत आहे. टप्प्यांचा कालावधी संहितेतील दिवसांपेक्षा मी बराच वाढविला आहे, कारण येथे केवळ द्रव्याचे सात्म्य बदलावयाचे नव्हते, तर मनाची व घराची घडीही बदलावयाची होती.

मूत्रवेगाच्या बाबतीत मात्र क्रमाची वाट पाहिली नाही. अधारणीय वेग हा त्वरित सोडावयाचाच असतो. घरून निघताना, कार्यालयात पोहोचताच आणि त्यानंतर दर तीन तासांनी वेग असो वा नसो एकदा जाऊन यावे आणि पाणी कमी करू नये, एवढेच सांगितले.

पहिले आठ आठवडे केवळ निद्रा. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी तिचाच स्तंभ अधिक खचलेला होता. सव्वाबारा ही झोपण्याची वेळ पावणेअकरापर्यंत आणावयाची, म्हणजे अंतर ९० मिनिटांचे. त्याचा पाद सुमारे २२ मिनिटे. दोन आठवडे ११.५०, दोन आठवडे ११.३०, दोन आठवडे ११.०५ आणि मग १०.४५ असा क्रम ठरला. भ्रमणध्वनी स्वयंपाकघरात भारित करावयास लावून शयनगृहात यायचे, पाच मिनिटे कोमट तिळतेलाने पादाभ्यंग करायचे आणि दिवा मालवायचा. निद्रानाशाच्या उपायांत अष्टौनिन्दितीय अध्यायात अभ्यंग, स्नान, दूध, मनास सुखकर गंध व शब्द, संवाहन यांचा उल्लेख आहे. त्यांतील जे पाच मिनिटांत बसते तेवढेच घेतले. रविवारी दुपारपर्यंत झोपून भरपाई न करता उठण्याची वेळ इतर दिवसांपेक्षा तासाभराहून अधिक पुढे जाऊ द्यायची नाही, असेही ठरले. शरीरातील घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हापासून या विषयाची चर्चा सर्वत्र होते. कॉर्टिसॉलचा स्राव सकाळी उठल्यानंतर लवकरच उच्चतम आणि मध्यरात्रीच्या सुमारास न्यूनतम असतो. झोपण्या-उठण्याच्या वेळा रोज बदलत राहिल्यास ही लय ढळते.

पुढील चार आठवडे चहा. दिवसाचे सहा कप दोनवर आणावयाचे होते. सोडावयाचे कप चार, म्हणून दर आठवड्यास एक. प्रथम सायंकाळी सहाचा, कारण कॅफीनचा अर्धा अंश शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात आणि तो रात्रीच्या झोपेवर येतो. त्या जागी साळीच्या लाह्या व फुटाणे यांची लहानशी डबी पर्समध्ये ठेवावयास सांगितली, म्हणजे क्षुधावेगही अडवला जाणार नाही.

शेवटचे चार आठवडे रात्रीचे भोजन. सायंकाळचा अल्पाहार सुरू झाल्याने रात्रीची भूक मर्यादित झाली होती. पावणेदहाचे जेवण पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे घेत पावणेनऊवर आणले आणि दूरदर्शन बंद ठेवून जेवायचे ठरले. फार घाई न करता, फार रेंगाळत न बसता, बडबड न करता, मन लावून जेवावे हा रसविमान अध्यायातील नियम घरातील सर्वांनाच लागू झाला. व्यायामासाठी वेगळा वेळ नव्हता. म्हणून स्थानक ते कार्यालय हे अंतर चालत जाणे एवढेच धरले. अर्धशक्ती व्यायामाची मर्यादा त्यात आपोआप पाळली जाते. गाडीत बसावयास मिळालेच तर पाच मिनिटे सावकाश श्वसन, मिनिटास सुमारे सहा श्वास, सांगितले. मंद श्वसनाने हृद्गतीतील सुयोग्य चलता वाढते, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

या योजनेत घरच्यांचा सहभाग हा औषधाइतकाच महत्त्वाचा ठरला. त्यांचे पती व महाविद्यालयीन मुलगा यांना मी एकदा बोलावून घेतले. भाजी चिरणे, कणीक भिजविणे आणि डबे रात्रीच घासून ठेवणे ही कामे त्या दोघांनी वाटून घेतली. त्यामुळे पहाटेची पंधरा मिनिटे वाचली आणि उठण्याची वेळ पाच झाली. तशी ती अवघी पंधरा मिनिटे. पण रुग्णेच्या चेहऱ्यावर मी पहिले हसू पाहिले ते या बातमीच्या वेळी.

सोळा आठवड्यांनंतर त्या सव्वासहा तास झोपत होत्या. प्रौढ व्यक्तीस किमान सात तास निद्रा हवी, हे लक्षात घेता उद्दिष्ट अपुरेच राहिले. पहाटे तीनची जाग बहुतांशी थांबली. डोकेदुखी आठवड्यातून चार-पाच दिवसांवरून पंधरवड्यातून एकदा-दोनदा एवढी राहिली. रक्तदाबासाठी त्यांना प्रारंभीच कायचिकित्सकांकडे पाठविले होते. त्यांच्या देखरेखीखाली तो १३२/८४ पर्यंत आला. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही आणि तो माझा हेतूही नाही. प्रवास, कार्यालय, हप्ते हे सर्व पूर्वीसारखेच होते. बदलली ती केवळ दिवसाच्या कडेची दीड-दोन तासांची पट्टी.

औषधे आणि मर्यादा

अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी, शंखपुष्पी इत्यादी द्रव्यांचा उपयोग आपण सर्वजण जाणतो. तरीही दोन गोष्टी नमूद कराव्याशा वाटतात. पहिली, मेध्य व निद्राकर औषधे अपथ्याची भरपाई करू शकत नाहीत. बारापर्यंत जागण्यासाठी पाच कप चहा आणि झोपण्यासाठी जटामांसी, हा व्यवहार कोणत्याही द्रव्यास न्याय देणारा नाही. दुसरी, अश्वगंधेसारखे द्रव्यही सरसकट देऊ नये. गर्भिणी, यकृत-विकाराचे रुग्ण, तसेच अवटु ग्रंथीच्या अथवा निद्राकर गोळ्या घेणारे रुग्ण यांत विशेष सावधानता बाळगावी. रुग्ण आणखी कोणती औषधे घेतो, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये आणि चालू असलेली रक्तदाबाची अथवा मानसिक विकाराची औषधे परस्पर बंद करू नयेत.

प्रत्येक ताण हा ‘दैनंदिन ताण’ नसतो, हे ओळखणे हे वैद्याचे प्रथम कर्तव्य होय. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज खिन्नता, कशातही रस न वाटणे, निरर्थकतेची भावना, वजनात लक्षणीय घट, अकारण तीव्र भीतीचे झटके, मद्याचा वाढता आधार, अथवा जगणे नको असे उद्गार आढळल्यास केवळ दिनचर्येच्या सल्ल्यावर एकही दिवस दवडू नये, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. ‘मरणाचे विचार येतात का?’ हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारल्याने ते विचार उत्पन्न होत नाहीत. उलट रुग्णास बोलण्याची वाट मिळते. भारत शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही नि:शुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात दर्शनी भागी लावावा. छातीत दुखणे, श्वास लागणे, एका बाजूची दुर्बलता अशी लक्षणे ‘ताणामुळे’ म्हणून सोडून देणे तर घातकच होय.

वैद्यबंधूंस विनंती

दिनचर्येचा अध्याय हा स्वस्थाचे स्वास्थ्य रक्षण्यासाठी आहे. त्यातील संपूर्ण चित्र आपण मनात ठेवावे. रुग्णाच्या हाती मात्र त्याला पेलेल तेवढाच अंश द्यावा. यासाठी चिकित्सालयात काही साध्या गोष्टी करता येतील. रुग्णाचा चोवीस तासांचा दिनक्रम त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावा. त्यात अडविलेले अधारणीय वेग आणि सोडलेले धारणीय वेग खुणेने दाखवावेत. जे त्याच्या हातात नाही ते बाजूस काढावे. उरलेल्यांपैकी एकच गोष्ट निवडावी, तिचे चार भाग करावेत आणि पहिला भाग लिहून द्यावा. तो जमला काय, हे पुढच्या भेटीत औषधाच्या आधी विचारावे. जमला नसल्यास सोळावा अंश द्यावा. रुग्णास दोष देऊ नये. नव्वद मिनिटांचा सोळावा अंश सहा मिनिटांचाही होत नाही आणि तेवढे अलीकडे झोपणे वृद्धासही शक्य असते.

त्या भगिनी आजही वर्षातून दोन-तीन वेळा येतात. माझा तो चौदा सूचनांचा कागद मी त्यांच्याकडून मागून घेतला असून तो टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. नव्या रुग्णासाठी पथ्याची चिठ्ठी लिहावयास घेतो तेव्हा तो दृष्टीस पडतो आणि एका ओळीनंतर लेखणी थांबते. वैद्यबंधुभगिनींनी आपापल्या रुग्णांत हा क्रम योजून पाहावा, यश आणि अपयश दोन्हींच्या नोंदी ठेवाव्यात आणि त्या याच पृष्ठांतून सर्वांपुढे मांडाव्यात, अशी विनंती करून लेख पूर्ण करतो.